मोघम दळण

पार्सल उघडलं आणि आतून कॉफी निघालीच नाही, दाणे निघाले. चांगले एक किलो. गर्द तपकिरी, चकचकीत, पोटावर चीर असलेले. मोघमकाकांनी पाकिटात नाक घातलं, बाहेर काढलं आणि शेरा मारला, "अपूर्ण."

"अपूर्ण काय त्यात?" काकूंनी विचारलं.

"कॉफी म्हणजे पूड. ही पूड नाही. म्हणजे काम अर्धवट सोडून पाठवलंय."

मोघमकाका हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नगरपालिकेच्या परवाना विभागात त्यांनी एकतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले आणि त्यातले निम्मे तरी 'मोघम. त्रुटीपूर्तीसाठी परत' एवढं लिहून परत धाडले. एखाद्या दुकानदारानं 'साबण इत्यादी वस्तू' असं लिहिलं की काका त्याला समोर बसवून 'इत्यादी'ची यादी करायला लावत. विशेषण तर त्यांना अर्जात खपतच नसे. 'नम्र विनंती'तला 'नम्र' ते स्वतः खोडत. म्हणत, "तुम्ही नम्र आहात की नाही ते आम्ही बघू." निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं, पण खोड गेली नव्हती. लोक तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की मोघमकाका.

पार्सलात दाण्यांबरोबर तीन भांडी होती. कागदाची घडी बसवायचं एक नरसाळं, दांड्याला जाळी लावलेली एक काचेची बरणी आणि चुलीवर ठेवायची एक अष्टकोनी किटली. एक छापील कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, 'बरणीसाठी जाड दळा, नरसाळ्यासाठी मध्यम, किटलीसाठी बारीक.' आणि सगळ्यात खाली एक चिठ्ठी होती.

'बाबा, एकदम दळून ठेवू नका, वास उडतो. करायच्या आधी ताजी दळा. पुढचा सोडून त्याच्या पुढच्या रविवारी येते. तुमच्या हातची कॉफी पिईन. मग सांगा, कशी भाजली आहे.'

आठ महिन्यांत 'बाबा' या शब्दानं सुरू झालेला हा पहिला मजकूर होता.

त्याचं असं झालं होतं की लेकीनं कंपनीतली नोकरी सोडली आणि दुसऱ्या शहरात कॉफी भाजून विकायचं दुकान काढलं. तेव्हा काका म्हणाले होते, "दाणे भाजायला शिकवलं का तुला एवढं?" वाक्य अजिबात मोघम नव्हतं, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून लेकीचा फोन काकूंच्या हातात सुरू होई आणि काकूंच्याच हातात संपे. काकांच्या वाट्याला 'बाबांची गोळी चालू आहे ना?' एवढं येई, तेही काकूंमार्फत. इमारतीत मात्र काकांनी आपलं जुनं विधान कायम ठेवलं होतं. 'मुलगी मोठ्या कंपनीत आहे. निर्यात विभागात.'

काकांनी चिठ्ठी चार वेळा वाचली आणि चष्म्याच्या डबीत जपून ठेवली. मग कार्ड हातात घेऊन ते चिडले, कारण चिडणं त्यांना सोपं जाई.

"मध्यम! मध्यम म्हणजे कशाच्या मानानं मध्यम? जाड म्हणजे किती जाड? अहो, हा काय मजकूर आहे? मोघम!"

"मिक्सरमध्ये घाला आणि फिरवा," काकू म्हणाल्या. "अर्ज नाही तो."

काकांनी पाव किलो दाणे मिक्सरमध्ये घातले आणि बटण दाबून मनातल्या मनात साठ आकडे मोजले. झाकण उघडून बघतात तर एकाच भांड्यात पीठ, वाळू आणि खडी. तिघंही गुण्यागोविंदानं नांदत होती. कार्डावर तीन प्रकार होते आणि भांड्यातही तीन प्रकार होते, त्यामुळे काकांना आधी बरंच वाटलं. पण ते एकमेकांत होते, ही अडचण होती.

तरी त्यांनी नरसाळ्यात कागद बसवला, पूड घातली, वर गरम पाणी ओतलं आणि खुर्ची ओढून बसले. थेंब पडला. बऱ्याच वेळानं दुसरा पडला. पिठानं कागदाची भोकं बुजवून टाकली होती. काकांचं वर्तमानपत्र संपलं, कोडं संपलं, आणि पेल्यात जे जमलं ते काळं, गार आणि औषधाला लाजवेल इतकं कडू होतं. मग त्यांनी बरणी घेतली. पूड, पाणी, वर दांडा. दांडा खाली जाईना. काकांनी एक हात लावला, मग दोन्ही हात लावले, मग एकतीस वर्षांच्या सेवेचं सगळं वजन टाकलं. बरणीनं थोडा वेळ विचार केला आणि एकदम सगळी कॉफी वर सोडली. भिंतीवर, कॅलेंडरवर, छतावर आणि सगळ्यात जास्त काकांवर.

"जाड दळायचं होतं," काकू शांतपणे कार्ड वाचत म्हणाल्या. त्यांनी मिक्सरमधली उरलेली पूड डब्यात भरून ठेवली. काकूंना काहीही टाकवत नाही, आणि या गोष्टीत पुढे त्यामुळेच सगळ्यांची अब्रू वाचली.

छतावरचा डाग पुसायला शिडी आणावी लागली. शिडी वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांची. शिडी देताना ते सोबत आले, आणि ते आले की सल्लाही येतोच. या गृहस्थांनी चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या. पूड या विषयावर आपल्याइतका अधिकार कुणाला नाही असं त्यांचं मत होतं.

"मिक्सरनं पूड तापते, साहेब. गुण जातो. खल घ्या. हळूहळू, एकाच दिशेनं. मी देतो माझा."

खल दगडी होता आणि दोघांनी मिळून उचलावा लागला. काका दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कुटायला बसले. आठव्या ठोक्याला खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी दारात हजर झाल्या.

"साहेब, भिंत पाडताय का? सांगा तरी. मशीनवर सुई टिकत नाहीये माझी."

"कॉफी कुटतोय."

"कॉफी?" मावशींनी काकांकडे असं पाहिलं, जणू निवृत्तीनंतर माणसाचं असंही होतं हे त्यांना आजच कळलं. "अहो, गिरणी काय फक्त आमच्यासाठी आहे? द्या की दळायला."

वास्तविक काकांच्या मनात गिरणी पहिल्या दिवशीच आली होती. पण कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याचा परवान्याचा अर्ज त्यांनी तीनदा परत केला होता. तिन्ही वेळा कारण एकच होतं, आणि ते कोणतं हे सांगायला नको. तरी खांदे दुखत होते. रविवार जवळ येत होता. काका अर्धा किलो दाण्यांची पिशवी घेऊन गिरणीत गेले.

गिरणीवाल्यानं पिशवीत हात घातला, चार दाणे तळहातावर घेतले आणि अतिशय आदरानं विचारलं, "जाड की बारीक, साहेब?"

"मध्यम."

गिरणीवाला या क्षणाची बहुधा नऊ वर्षं वाट पाहत असावा. त्यानं पट्टा थांबवला, हात पुसले आणि शब्द न शब्द सुटा करून म्हणाला, "मध्यम म्हणजे जरा मोघम झालं, साहेब."

गिरणीत पिठाचे डबे घेऊन सात माणसं उभी होती. सातही हसली. काकांचे कान गरम झाले. त्यांनी कसंबसं सांगितलं, "रव्यासारखं. रवाळ." गिरणीवाल्यानं मान हलवली आणि दाणे टाकले. पण जात्यात आधीचा गहू होता तो आधी बाहेर आला, आणि कॉफीतला बराचसा माल आतच दडी मारून बसला. काकांच्या पिशवीत जे पडलं ते कॉफीचा वास असलेलं गव्हाचं पीठ होतं. उरलेली कॉफी पुढच्या डब्यात गेली. पुढचा डबा मावशींचा होता.

दोन दिवसांनी मावशी पुन्हा दारात आल्या. डोळे लाल होते.

"साहेब, पीठ तपकिरी निघालं, म्हटलं जाऊ दे. कडू लागलं, तेही जाऊ दे. पण आमच्या सासूबाई काल रात्री एकदा पाठ टेकतील तर शपथ! पहाटेपर्यंत त्यांच्या लग्नात कोण कोण रुसलं होतं ते सांगत होत्या. मीही जागी. मलाही ऐकावं लागलं."

गिरणीवाल्यानं त्याच दिवशी दारावर पाटी लावली, 'येथे कॉफी दळून मिळणार नाही.' आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, 'जाड, बारीक वा मध्यम.' मजकुरात काही त्रुटी सापडते का म्हणून काका पाटीसमोर दोन मिनिटं उभे राहिले. सापडली नाही.

आता पाव किलोही दाणे उरले नव्हते. काकांनी मग लाज बाजूला ठेवून हाताच्या दांड्याचं एक छोटं दळणयंत्र मागवलं. बाटलीएवढं. वर चकती असते, ती फिरवली की जाड, मध्यम, बारीक ठरवता येतं. हे वाचूनच काका निम्मे शांत झाले. रविवारला पाच दिवस होते. यंत्र तिसऱ्या दिवशी आलं, पण घरी नाही, पार्सल कचेरीत. तिथल्या कारकुनानं खोक्यावरचं लेबल वाचून दाखवलं.

"'दळणयंत्र' लिहिलंय, साहेब. नगरपालिका हद्दीत दळणयंत्र आणायचं तर परवाना विभागाची चिठ्ठी लागते."

"अहो, हे बाटलीएवढं आहे!"

"नियमात माप दिलेलं नाही."

"कुठल्या गाढवानं केलाय हा नियम?" असं म्हणून काका तडक परवाना विभागाकडे निघाले. इथपर्यंत सोबत आलेले कंपाउंडर सल्लागार म्हणून पुढेही निघाले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी.

पण पार्सल कचेरीला निघण्याआधी घरी एक गोष्ट घडली होती, ती सांगायलाच हवी. त्या सकाळी काकूंनी डब्यातली ती मिक्सरची पूड काढली. फडताळातून दोन चाळण्या घेतल्या, एक रव्याची आणि एक पिठाची. पूड आधी एकीतून चाळली, मग दुसरीतून. वर राहिली ती खडी, मधे राहिली ती वाळू, खाली पडलं ते पीठ. वाळू त्यांनी नरसाळ्यात घातली, पाणी ओतलं आणि चार मिनिटांत पेला काकांपुढे ठेवला. काका तेव्हा कार्डाच्या मागे 'त्रुटी' असं शीर्षक घालून एक, दोन, तीन असे आकडे लिहून बसले होते. त्यांनी एक घोट घेतला. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग दुसरा घोट घेतला. कडवट होती, पण मागाहून जिभेवर काहीतरी गोड रेंगाळत होतं. पेला रिकामा झाला तेव्हा आकड्यांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कशी आहे?" काकूंनी विचारलं.

"अजून आहे का?" काका म्हणाले. एवढ्यावर विषय संपला होता.

परवाना विभागात काकांच्याच खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या बाई बसत. बाई उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली, पाणी मागवलं, तक्रार ऐकली आणि अवघडून म्हणाल्या, "सर, नियम आहे खरा." त्यांनी फाइल काढून पुढे ठेवली.

'गिरणी म्हणजे धान्य, बी वा तत्सम कोणताही पदार्थ दळणारे कोणतेही यंत्र, लहान वा मोठे, हाताने वा अन्य शक्तीने चालणारे.'

अक्षर काकांचं होतं. 'वा तत्सम' ही तर त्यांची आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी. पूर्वी एक इसम स्वयंपाकघरात गिरणी चालवून नियमाच्या फटीतून निसटला होता. ती फट काकांनी आठ दिवस बसून बुजवली होती. आणि वरिष्ठांनी समासात लाल शाईनं एकच शब्द लिहिला होता, 'उत्तम'. एकतीस वर्षांत काकांना मिळालेलं तेवढंच एक विशेषण. शाई जरा फिकट झाली होती. काकांनी मघाचं गाढव मुकाट्यानं गिळलं.

"द्या अर्ज," ते म्हणाले.

'यंत्राचे प्रयोजन' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घरगुती वापर'. बाईंनी वाचलं, ओठ चावला आणि खाली मान घालून म्हणाल्या, "सर, मोघम आहे."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. काकांनी वळून पाहिलं. गिरणीवाला होता, परवान्याच्या नूतनीकरणासाठी आलेला. तो अत्यंत निरागसपणे छताकडे बघत होता.

काकांनी लिहिलं, 'कॉफीचे दाणे दळणे.'

"दाणे कुठून येतात तेही हवं, सर. देणाऱ्याचं अर्जदाराशी नातं आणि व्यवसाय. विक्रीचा माल घरी दळला जाऊ नये म्हणून." बाईंचा आवाज आणखी बारीक झाला. "तुम्हीच घातला होता तो रकाना."

काकांचा पेन थांबला. बाजूला कंपाउंडर मान लांब करून अर्ज वाचत होते. मागे गिरणीवाला होता. म्हणजे संध्याकाळच्या आत मावशी, आणि मावशी म्हणजे सगळी इमारत. निर्यात विभाग लिहिला तर अर्ज खोटा ठरत होता. एकतीस वर्षांत काकांनी नाही नाही ते केलं असेल, पण खोट्या अर्जावर सही केली नव्हती. आणि जिभेवर सकाळची ती चव अजून होती. काकांनी पेन टेकवला आणि एकदाही न थांबता रकाना भरून टाकला.

"आता वाचून दाखवावं लागेल, सर. 'वाचून दाखवला, समजला' अशी सही लागते."

"माहीत आहे," काका म्हणाले. हाही नियम कुणाचा होता ते विचारायची गरज नव्हती.

बाईंनी घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं, "'दाणे अर्जदाराच्या मुलीने पाठवले आहेत. तिने नोकरी सोडून स्वतःचे दुकान काढले आहे. ती कॉफीचे दाणे भाजते व विकते. उत्तम भाजते.'" बाई थांबल्या. "सर, शेवटचं वाक्य काढू का? अर्जात विशेषण नको, असं तुम्हीच—"

"राहू द्या."

 कंपाउंडरांनाही सल्ला सुचला नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते ओळखावं. मग मागून गिरणीवाल्याचा आवाज आला. या वेळी त्यात खोच नव्हती.

"हे मात्र मोघम नाही, साहेब."

अर्ज बिनचूक होता, तरी यंत्र मिळालं नाही. नियमाप्रमाणे अर्जाचा संपूर्ण मजकूर जाहीर नोटीस म्हणून इमारतीच्या दारावर लावायचा होता आणि शेजाऱ्यांच्या हरकतींसाठी पंधरा दिवस थांबायचं होतं. पंधरा दिवसांची मुदत कुणी घातली होती ते काकांनी बाईंना सांगू दिलं नाही.

रविवारी सकाळी काकांनी उरलेले सगळे दाणे ओट्यावर मांडले. काकूंना त्यांनी स्वयंपाकघराबाहेर बसवलं, कारण चिठ्ठीत 'तुमच्या हातची' असं स्पष्ट लिहिलं होतं. मिक्सर थांबवत थांबवत फिरवला. दोन चाळण्या एकीखाली एक धरल्या. मग कार्ड घेतलं आणि छापील मजकुराखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'जाड म्हणजे रव्याच्या चाळणीवर राहील ते. मध्यम म्हणजे रव्याच्या चाळणीतून पडेल, परंतु पिठाच्या चाळणीवर राहील ते. बारीक म्हणजे पिठाच्याही चाळणीतून पडेल ते.' 

बेल वाजायला जरा उशीर झाला. लेक इमारतीत शिरताना काकांनी खिडकीतून पाहिली होती. जिना चढायला एवढा वेळ लागत नाही. मग ती आली. पिशवी ठेवली, आईच्या गळ्यात पडली आणि खुर्चीवर बसली. काकांनी नरसाळ्यातली कॉफी पेल्यात ओतून तिच्यापुढे ठेवली आणि अर्ज घेऊन कचेरीच्या खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या माणसासारखे हात बांधून उभे राहिले. परवाना विभागात निदान खुर्ची तरी मिळाली होती; खिडकीच्या या बाजूला ते आयुष्यात पहिल्यांदाच उभे होते. तिथून किती भीती वाटते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीनं वास घेतला. एक घोट घेतला. डोळे मिटले.

"दळण जरा मोघम आहे, बाबा," ती म्हणाली. पण पेला खाली ठेवला नाही. संपवूनच ठेवला. मग कार्ड उचललं, खालचा मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. "हे दुकानात लावते. रोज दहा गिऱ्हाइकं विचारतात मध्यम म्हणजे काय, आणि मला सांगता येत नाही."

"चाळण्या तुझ्या आईच्या आहेत," काका म्हणाले. "तसा उल्लेख असावा."

"खाली नोटीस वाचली मी."

काका ओट्यावरचा दुसरा पेला विसळायला वळले. पेला आधीच स्वच्छ होता.

"हरकती आल्यात त्यावर," लेक म्हणाली. "खालच्या मावशींनी लिहिलंय, 'हरकत नाही, मात्र खल पुन्हा वापरू नये.' आणि कंपाउंडरांनी तर पान भरून सल्ला दिलाय."  मग ती वकिलासारखी बोलू लागली. "पण माझी एक हरकत आहे. अर्जात विशेषण चालत नाही म्हणता ना तुम्ही? माझा शाळेचा रजेचा अर्जसुद्धा परत केला होतात. 'खूप ताप' लिहिलं होतं म्हणून. मग 'उत्तम भाजते' हे कसं चाललं?"

 काकांनी नळ बंद केला.

"'भाजते' हे क्रियापद आहे," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल सांगतो ते क्रियाविशेषण. ते चालतं."